पेंढा कुजविण्यापूर्वी जमिनीची कुवत पाहावी

भाताची मळणी आटोपली की रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो. उरलेल्या पेंढ्याचे, धसकटांचे व बांधावरच्या पातेऱ्याचे काय करावयाचे? ज्याच्या गोठ्यात गुरे आहेत त्याला हा प्रश्न फारसा जड जात नाही. पेंढा गुरांच्या पोटात जातो आणि शेणाच्या रूपाने उकिरड्यावर परत येतो. परंतु उरण, पेण, अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन या तालुक्यांतील कित्येक गावांत गोठे रिकामे होत चालले आहेत. नांगरट व चिखलणी यंत्राने होऊ लागली, बैलजोडी गेली, आणि बैलांच्या मागोमाग शेणही गेले. अशा घरचा पेंढा एक तर विकला जातो, नाही तर काडी लावून मोकळा केला जातो.

यावर सरसकट दिला जाणारा सल्ला असा की, पेंढा जाळू नये, तो जमिनीत गाडावा. सल्ला खरा आहे. परंतु तो अर्धा आहे. पेंढा जमिनीत गेला की तो आपोआप कुजतो व त्याचे खत होते, अशी समजूत या सल्ल्याच्या मुळाशी आहे. जो शेतकरी या समजुतीवर विसंबून आवणीच्या तोंडावर खाचरात पेंढा गाडतो, त्याची रोपे पंधरवड्यात पिवळी पडतात व फुटवा थांबतो. शेजारी हसतात. पुढच्या वर्षी तोच शेतकरी पुन्हा काडेपेटी उचलतो आणि त्यानंतर कार्यकर्त्याने सांगितलेली दुसरी चांगली गोष्टही कानाआड करतो. पेंढ्याबरोबर येथे विश्वासही जळतो. म्हणून सल्ला पुरा दिला पाहिजे. कुजण्याच्या क्रियेला पावसाबरोबर जमिनीतील अन्नद्रव्येही लागतात, हे शेतकऱ्याला समजावून सांगितले पाहिजे.

कुजणे म्हणजे काय

मेलेली वनस्पती स्वतः कुजत नाही. तिला कोणी तरी खाते. वाळवी, गांडुळे व किडे तिचे तुकडे करतात आणि डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जंतू व बुरशी त्या तुकड्यांवर जगतात. या जंतूंचा संसार माणसासारखाच आहे. त्यांना अंगात ऊर्जा यावी म्हणून कर्ब लागतो आणि शरीर बांधण्यासाठी नत्र, स्फुरद, गंधक, चुना इत्यादी द्रव्ये लागतात. पेंढ्यात कर्ब मुबलक असतो, परंतु नत्र अगदी थोडे असते. ज्या घरात भात पोतेभर आहे पण डाळ मूठभरच आहे, तेथे माणसे शेजाऱ्याकडे डाळ उसनी मागतात. जंतूही तेच करतात. पेंढ्यात न मिळालेले नत्र ते भोवतालच्या मातीतून उचलतात. मातीत नत्र असेल तर कुजणे झपाट्याने चालते, नसेल तर रेंगाळते. आणि मातीत जे काही थोडे नत्र असते त्यासाठी जंतू व भाताचे रोप यांच्यात स्पर्धा लागते. या स्पर्धेत जंतू बहुधा जिंकतात, कारण ते मातीच्या कणाकणांशी लागून असतात. रोपाच्या पिवळेपणाचे कारण येथे सापडते.

हे नत्र कायमचे नाहीसे होत नाही. पेंढ्यातील सोपा कर्ब संपला की जंतू मरू लागतात व त्यांच्या शरीरातील नत्र पुन्हा मातीत मोकळे होते. परंतु हा काळ काही आठवड्यांचा असतो, आणि रोपाच्या आयुष्यात नेमके तेच आठवडे फुटव्याचे असले तर नंतर मिळालेल्या नत्राचा उपयोग निम्मा राहतो.

एका टनाचा हिशेब

हा विषय हिशेबाने मांडला तर अधिक स्पष्ट होतो. वाळलेल्या पेंढ्यात शंभर भागांत सुमारे ४० भाग कर्ब असतो, आणि नत्र साधारणपणे ०.५ ते ०.८ भाग असते. म्हणजे एक टन पेंढ्यात ४०० किलो कर्ब व सुमारे ६ किलो नत्र. एक भाग नत्रामागे ६५ ते ७० भाग कर्ब, असे हे प्रमाण पडते. जंतू त्यातील सुमारे दोन तृतीयांश कर्ब श्वासोच्छ्वासात खर्च करतात आणि एक तृतीयांश, म्हणजे १३० किलोंच्या आसपास, शरीरात साठवितात. त्यांच्या शरीरात दहा भाग कर्बामागे एक भाग नत्र धरले तर त्यांना १३ किलो नत्र पाहिजे. पेंढ्यातून मिळते ६ किलो. सात किलोंची तूट राहते, ती मातीने भरावयाची असते.

हा हिशेब कागदी नाही. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील संशोधन केंद्रात हचिन्सन व रिचर्ड्स या दोन शास्त्रज्ञांनी गुरांवाचून पेंढ्याचे शेणखतासारखे खत करता येईल काय, याचा शोध घेतला व आपले निष्कर्ष १९२१ साली प्रसिद्ध केले. पेंढ्याला ओलावा व हवा पाहिजे, आंबटपणा वाढू नये एवढा चुना पाहिजे, आणि प्रत्येक शंभर भाग पेंढ्यामागे सुमारे ०.७ भाग सहज विरघळणारे नत्र पाहिजे, असे त्यांना आढळले. टनामागे सात किलो हाच तो आकडा. पुढे इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी हीच गरज शेण, मूत्राने भिजलेली माती व लाकडाची राख यांच्या साह्याने भागवून कंपोस्टाची इंदूर पद्धत सिद्ध केली. त्यांचा ग्रंथ १९३१ साली निघाला. आपल्याच राज्यात पुसद येथील नारायण देवताव पांढरीपांडे यांनी दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच अशा जाळीदार विटांच्या टाक्यात थोड्या शेणावर पुष्कळ काडीकचरा कुजविण्याची रीत लोकप्रिय केली. तिन्ही पद्धती वेगळ्या देशकालांत जन्मल्या, तरी त्यांचे मर्म एकच आहे. काडीकचऱ्याला नत्राची जोड द्यावी, हवा व ओल राखावी, आणि मगच कुजण्याची अपेक्षा करावी.

चारसूत्रीतील शहाणपण

कोकणातील भातशेतीसाठी या तत्त्वाचा उत्तम उपयोग चारसूत्री पद्धतीत झालेला आहे. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या या पद्धतीचे पहिले सूत्र भाताच्या अवशेषांच्या फेरवापराचे, दुसरे गिरिपुष्पाच्या हिरव्या पाल्याचे, तिसरे नियंत्रित लावणीचे आणि चौथे युरिया-डीएपी गोळ्यांचे आहे. पुष्कळ ठिकाणी शेतकरी यांतील एखादे सूत्र उचलतात व बाकीची सोडून देतात. पहिले व दुसरे सूत्र एकमेकांशी का बांधलेले आहे हे कोणी सांगत नाही, म्हणून असे घडते.

एका गुंठ्यावर हिशेब पाहावा. हेक्टरी दोन टन पेंढा म्हणजे गुंठ्याला २० किलो. त्याच्या कुजण्यात सुमारे १४० ग्रॅम नत्राची तूट येते. हेक्टरी तीन टन गिरिपुष्पाचा पाला म्हणजे गुंठ्याला ३० किलो हिरवा पाला. तो वाळविला तर सात किलोंच्या आसपास भरेल. परंतु त्या सात किलोंत नत्र शंभराला सुमारे तीन भाग असते, म्हणजे २०० ग्रॅमपर्यंत. त्यातील काही नत्र पाल्याच्या स्वतःच्या कुजण्यात गुंतते हे खरे, तरीही पेंढा व पाला मिळून कर्ब-नत्राचे प्रमाण ६७ वरून ३३ च्या घरात येते व तुटीचा मोठा भाग भरून निघतो. पेंढा पहिल्या नांगरटीला, पाला लावणीच्या आठवडाभर आधी, आणि गोळ्या लावणीच्या दिवशी चार चुडांच्या मध्ये खोल खोचलेल्या, असा क्रम ठेवला म्हणजे जंतूंना त्यांचे व रोपाला त्याचे अन्न वेळेवर मिळते. ज्याच्या बांधावर गिरिपुष्प नाही त्याने निदान पेंढा पसरताना गुंठ्याला सुमारे ३०० ग्रॅम युरिया पाण्यात विरघळवून त्यावर शिंपडावा. त्यातूनही १४० ग्रॅम नत्रच मिळते. मात्र हा युरिया पिकाच्या मात्रेतून वजा धरावा. तो वरचा खर्च समजू नये. जंतूंनी उचललेले नत्र हंगामाच्या उत्तरार्धात बऱ्याच अंशी पिकालाच परत मिळते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. पाणी साचलेल्या खाचरात हवा नसते. तेथे कुजविणारे जंतू निराळे असतात, ते सावकाश काम करतात आणि त्यांना नत्र कमी लागते. म्हणून चिखलात नत्राची ओढाताण कोरड्या जमिनीपेक्षा सौम्य असते. परंतु त्या ठिकाणी दुसरे संकट असते. ताजा पेंढा पाण्याखाली कुजताना सेंद्रिय आम्ले तयार होतात, ती कोवळ्या मुळांना बाधतात. शिवाय मिथेन वायू निघतो आणि तो हवेतील उष्णता वाढविण्यास कारण होतो. यावर उपाय म्हणजे वेळ. जूनच्या पहिल्या पावसाने जमीन भिजताच, पाणी साचण्यापूर्वी, पेंढा तुकडे करून मातीत मिसळावा आणि लावणीपूर्वी निदान तीन आठवडे जाऊ द्यावे. या काळात जमिनीत हवाही असते व ओलही असते. हे तीन आठवडे कोकणातील शेतकऱ्याला निसर्गाने दिलेलेच आहेत. ते वाया घालविणे हा तोटा आहे.

स्फुरद व चुना यांचे स्थान

नत्र मिळाले म्हणजे सर्व मिळाले असे नाही. श्रीवर्धन व म्हसळा तालुक्यांत, तसेच डोंगरमाथ्यांवर, जांभ्या दगडापासून झालेली तांबडी जमीन आढळते. ती आंबट असते आणि तिच्यातील लोह व अॅल्युमिनियम स्फुरदाला घट्ट बांधून ठेवतात. पेंढ्यात स्फुरद मुळात थोडे. एक भाग स्फुरदामागे कर्ब ३०० भागांहूनही अधिक. अशा वरकस जमिनीत नत्र दिले तरी स्फुरदावाचून जंतूंचे काम अडते. तेथे कंपोस्टाच्या थरांत थोडे सुपर फॉस्फेट घालणे उपयोगी पडते. पाणी भरलेल्या खाचरात मात्र आंबटपणा कमी होऊन अडकलेले स्फुरद काही प्रमाणात सुटे होते. म्हणून वरकस जमिनीसाठी दिलेला सल्ला खाचराला व खाचराचा सल्ला वरकसाला जसाच्या तसा लावू नये.

चुन्याचेही महत्त्व आहे. अति आंबट मातीत गांडुळे कमी असतात, आणि गांडुळे नसली की पातेरा जमिनीवर तसाच पडून राहतो. किनाऱ्यावरच्या गावांना शिंपल्यांचा चुना परका नाही. माती तपासून घेऊन, आंबटपणा खरोखर अधिक असेल तेथे, कंपोस्टाच्या खड्ड्यात थरांमध्ये चुन्याची हलकी फक्की मारावी. मात्र चुना व युरिया एकाच वेळी एकत्र मिसळू नयेत. नत्र वायुरूपाने उडून जाते.

खारेपाटातील प्रश्न

पेण व अलिबागच्या खारेपाटात ही गोष्ट आणखी वेगळी होते. बाहेरकाठा फुटला किंवा उघाडी नादुरुस्त झाली की खाडीचे पाणी आत येते, आणि पाणी ओसरले तरी मीठ मागे राहते. मिठाच्या योगाने मातीतील ओल जंतूंना घेता येत नाही व त्यांचे काम मंदावते. उन्हाळ्यात खालचे क्षार वर येऊन जमिनीवर पांढरे थर दिसतात. तेव्हा गाडलेला पेंढा जवळजवळ तसाच राहतो. पाऊस पडून क्षार धुऊन गेल्यावर मात्र कुजणे सुरू होते. म्हणून खारेपाटात पेंढा उन्हाळ्यात गाडण्याची घाई करू नये. तो जमिनीवर आच्छादन म्हणून पसरावा. त्यामुळे बाष्पीभवन कमी होऊन क्षार वर चढण्यास आळा बसतो. मृगाच्या सरींनी क्षार उतरल्यावर तोच पेंढा नत्राच्या जोडीने मातीत मिसळावा. हिरवळीच्या खतासाठी येथे धैंचा अधिक भरवशाचा, कारण तो क्षार व पाणी दोन्ही सोसतो आणि आपल्या मुळांवरील गाठींतून हवेतील नत्र जमिनीला देतो. पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ असे क्षार सोसणारे भाताचे वाण दिले. परंतु वाण सोशिक झाला म्हणून माती सोशिक होत नाही. मातीला सेंद्रिय द्रव्य मिळाले तरच तिचे कण सुटे राहतात व पावसाचे पाणी क्षार घेऊन खाली जाऊ शकते.

राबाविषयी न्याय्य विचार

राब भाजण्याच्या प्रथेला नावे ठेवणे सोपे आहे. परंतु कोकणातील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या राब भाजत आला तो निष्कारण नव्हे. झाडांच्या कवळांचा, पातेऱ्याचा, शेणाचा व गवताचा थर दाढीच्या जागेवर जाळला की तणांचे बी मरते, माती भुसभुशीत होते, रोपे सहज उपटली जातात आणि राखेतून पालाश, चुना व काही स्फुरद तत्काळ मिळते. आंबट जमिनीत या राखेचा गुण लगेच दिसतो. ज्या काळी खताची गोणी गावात येत नव्हती, त्या काळी जमिनीतील अडलेले कुजणे टाळून एका दिवसात अन्नद्रव्ये मोकळी करण्याचा हा मार्ग होता.

परंतु त्याची किंमतही मोजली पाहिजे. जाळण्यात नत्र जवळजवळ सर्व उडून जाते. पेंढा जाळला तर सुमारे चतुर्थांश स्फुरद व पंचमांश पालाशही वाया जाते, आणि जो कर्ब जमिनीला सुपीकता देणार त्याचा धूर होतो. पहिल्या मुसळधार पावसात उरलेली राखही उतारावरून वाहून जाते. अलिबागसारख्या ठिकाणी वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो हे विसरता येत नाही. शिवाय कवळांसाठी माळावरची झाडे दरवर्षी बोडकी होतात.

म्हणून राब बंद करा असे नुसते म्हणून चालणार नाही. राबाने जे मिळते ते दुसऱ्या मार्गाने देऊन दाखविले पाहिजे. गादीवाफ्यावर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख मिसळली तर रोपे सहज निघतात व त्यांना सिलिकाही मिळते. कुजलेले कंपोस्ट आधी तयार असेल तर नत्राची गरज भागते. तणांसाठी पहिल्या पावसानंतर उगवलेले तण हलक्या नांगरटीने मोडता येते. एवढे सिद्ध झाल्यावर शेतकऱ्याला आग्रह करावा लागत नाही.

नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा भात तंत्रातही कुजण्याचाच विचार आहे. गादीवाफ्यावर भात घेऊन कापणीनंतर मुळे उपटावयाची नाहीत, नांगरावयाची नाहीत. ती जागच्या जागी कुजू द्यावयाची. मुळांच्या जागी राहिलेल्या पोकळ्यांतून हवा व पाणी खेळते आणि गांडुळे वाढतात. भातानंतर वालासारखे कडधान्य घेतले तर त्याच्या मुळांवरील गाठींनी नत्राची भर पडते. रायगडच्या शेतकऱ्याला वाल नवा नाही. भातामागून वाल घेण्याची त्याची जुनी रीत नत्राचा हिशेब सांभाळणारीच होती.

वाड्यांतील झावळ्या व सोडणे

चौल, रेवदंडा, मुरुड, श्रीवर्धन येथील नारळी-पोफळीच्या वाड्यांत काडीकचऱ्याची जात निराळी आहे. झावळीचा देठ, पोफळीची विरी, नारळाचे सोडण यांत काष्ठद्रव्य फार असते. येथे नत्राचे वागणे दुहेरी आहे. आरंभी, सोपा भाग कुजत असता, नत्राने वेग वाढतो. परंतु उरलेले काष्ठद्रव्य फोडणाऱ्या बुरशींना अधिक नत्राने मदत होत नाही. उलट नत्राचा भडिमार झाला तर त्यांचे काम मंदावते, असे अनेक ठिकाणच्या प्रयोगांत दिसले आहे. यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. थोडे खत चांगले म्हणून पुष्कळ खत अधिक चांगले, असे गणित कुजण्याला लागू पडत नाही. काथ्याच्या भुशासाठी टनाला पाच किलो युरिया व अळिंबीच्या जातीची बुरशी वापरण्याची जी शिफारस आहे, तीत युरिया पेंढ्याच्या मानाने कमी आहे आणि भर बुरशीवर आहे, तो यासाठीच. झावळ्या बारीक कराव्यात, सावलीत ओलसर ठेवाव्यात व त्यांना पेंढ्याहून अधिक मुदत द्यावी. आळ्यात आच्छादन म्हणून त्या सावकाश कुजल्या तरी तोटा नाही. तेवढा काळ त्या ओल राखतात व तण दाबतात.

दोन टोकांची मते

या विषयात दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो की, निसर्गात सर्व काही आपोआप कुजते. रानात कोण युरिया टाकतो? परंतु रानातून धान्याची पोती बाहेर जात नाहीत. शेतातून दरवर्षी दाण्याबरोबर नत्र व स्फुरद बाहेर जाते, आणि पूर्वी ते शेण, मूत्र व रानातील कवळ यांच्या रूपाने परत येत असे. तो परतीचा मार्ग अरुंद झाला असताना जमिनीकडून जुन्याच वेगाने कुजण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

दुसरा पक्ष म्हणतो की, गोणीभर खताने पीक येते, मग पेंढ्याची उठाठेव कशाला? याचे उत्तर पेंढ्यातच आहे. एक टन पेंढ्यात १४ ते २० किलो पालाश असते आणि ४० ते ७० किलो सिलिकॉन असते. पालाश विकत घ्यावे लागते, आणि सिलिकॉनने भाताची पात ताठ राहून करप्यासारख्या रोगाला ती अधिक तोंड देते. शिवाय वरून दिलेले नत्र धरून ठेवण्याचे काम सेंद्रिय द्रव्यच करते. ते नसेल तर कोकणच्या पावसात युरियाचा मोठा हिस्सा पाण्याबरोबर खाडीला मिळतो. पेंढा व खत हे एकमेकांचे वैरी नाहीत. पेंढ्यावाचून खत टिकत नाही आणि खतावाचून पेंढा वेळेवर कुजत नाही.

कार्यकर्त्याचे काम

गावपातळीवरील कार्यकर्त्याने या गोष्टी भाषणाने सांगण्यापेक्षा तीन गुंठ्यांत दाखवाव्यात. शेतकऱ्याच्याच खाचरात एका गुंठ्यात पेंढा घालू नये, दुसऱ्यात नुसता पेंढा घालावा, तिसऱ्यात पेंढा व त्यासोबत गिरिपुष्पाचा पाला किंवा युरियाचे पाणी द्यावे. बाकी मशागत व पिकाचे खत सारखे ठेवावे. लावणीनंतर वीस दिवसांनी तिन्ही गुंठ्यांतील पानांचा रंग व फुटवे शेतकऱ्याने स्वतः मोजावेत, आणि कापणीला दाणे वेगवेगळे वजन करावेत.

कुजण्याचा वेगही डोळ्यांनी पाहता येतो. मच्छरदाणीच्या जुन्या कापडाच्या पिशव्या शिवून प्रत्येकीत शंभर ग्रॅम वाळलेला पेंढा भरावा व त्या पिशव्या दुसऱ्या व तिसऱ्या गुंठ्यात वीतभर खोल पुराव्यात. महिन्याने काढून, धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून पुन्हा वजन करावे. जेथे वजन अधिक घटले तेथे जंतूंना अन्न मिळाले. वरकसावर, गोड्या खाचरात व खारेपाटात असा प्रयोग केला तर गावाच्या तिन्ही जमिनींची कुवत गावालाच कळेल. कर्जतच्या भात संशोधन केंद्रात १९१९ पासून भाताचे काम चालत आले आहे. तेथील किंवा पनवेलच्या केंद्रातील शिफारशी घेऊन हा प्रयोग मांडला तर निष्कर्षाला बळ येईल.

शासनाच्या सल्ल्यातही सुधारणा व्हावी. ‘जाळू नका’ या दोन शब्दांच्या फलकाशेजारी ‘टनामागे सात किलो नत्र, लावणीपूर्वी तीन आठवडे’ एवढे जरी लिहिले तरी तो फलक उपयोगी होईल. प्रत्येक बांधावर गिरिपुष्पाची फाटी लावण्याची मोहीम पावसाच्या आरंभी घ्यावी. ती फाटी दोन-तीन वर्षांत नत्राचा कायमचा साठा बनतात. माती तपासणीचा कागद हाती आल्यावर त्यातील आंबटपणा, क्षार व स्फुरद यांवरून पेंढा कोठे व केव्हा मिसळावा हेही शेतकऱ्याला सांगितले जावे; आज तो कागद फक्त खताच्या मात्रेसाठी वाचला जातो.

रायगडच्या किनाऱ्यावरील शेती छोट्या तुकड्यांची आहे. एका खाचराचे पीक गेले तर घरातल्या वर्षाच्या तांदळाला टाच लागते. अशा शेतकऱ्याला अर्धा सल्ला देऊन त्याच्या पिकावर प्रयोग करण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्याला पेंढ्याची किंमत सांगावी, पेंढ्याची भूकही सांगावी, आणि ती भूक कशाने भागते हे त्याच्याच बांधावर दाखवावे. एवढे झाले म्हणजे मळणीनंतर काडेपेटी शोधण्याऐवजी तो येत्या मृगाची वाट पाहत पेंढ्याची उडवी नीट रचून ठेवील.